बातम्यांचा एक्झामिनर

आमच्या कॉलनीत एका कोरड्या नाल्यावर पुलिया आहे. कारखान्यातून रिटायर झालेली मंडळी सकाळी तिच्या कठड्यावर बसतात आणि ऊन डोक्यावर आलं की घरी जातात. जबलपुरात रिटायर माणसाला एक पेन्शन मिळते आणि एक पुलिया. पुलियेवर कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. फोरमन, स्टोअरकीपर, चार्जमन, ज्या पदावरून माणूस घरी गेला ते पद त्याला चितेपर्यंत चिकटून राहतं. मी तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो, म्हणून मी एक्झामिनर साहेब. त्यातलं 'साहेब' माझं मीच चालू केलं होतं. पुढं लोकांना सवय लागली.

माझं काम सोपं होतं. गोळ्यांची कवचं तयार होऊन लॉटनं यायची. त्यातले थोडे नग काढायचे, मापाचा गेज लावून बघायचे, ठरलेल्यापेक्षा जास्त नग नापास झाले की अख्खा लॉट रिजेक्ट. शिक्का मारायचा आणि चहाला जायचं. त्या शिक्क्याचा आवाज मला फार आवडायचा. बायको म्हणते, लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी तिच्या पोळ्यासुद्धा चवडीतून एक उचलून तपासायचो. एवढं खोटं ती सहसा बोलत नाही, म्हणजे खरंच असणार.

तर गेल्या लढाईचे ते चारपाच दिवस. पहिल्याच संध्याकाळी एका चॅनेलनं पाकिस्तानचं बंदर जाळलं, दुसऱ्यानं राजधानी घेतली, तिसऱ्यानं त्यांची अर्धी फौज शरण आणली. चौथ्याला काही उरलंच नाही, म्हणून त्यानं नुसता सायरन वाजवला. आमची म्हातारी मंडळी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवत होती. फोरमनला रक्तदाब आहे, त्यांनी गोळी घेऊन टाळ्या वाजवल्या.

त्यातल्या एका चॅनेलनं शत्रूच्या तोफा उडवल्याचं दृश्य दाखवलं. धूर, धुरळा, मोठा दणका. मी पाहिलं आणि खुर्चीतून उठलोच. मागे ती बोडकी टेकडी, टेकडीवर वाकलेलं मोहाचं झाड, शेजारी निळी पाण्याची टाकी. ती आमची चाचणीची रेंज होती! गोळे उडवून बघायला आम्ही तिथं जायचो. त्या झाडाखाली मी वीस वर्षं डबा खाल्ला आहे. तिथं शत्रू कधी आला असता, तर आधी त्यानं माझी भेंडीची भाजी पाहिली असती.

दुसऱ्या दिवशी पुलियेवर मी हे सांगितलं आणि एका सकाळीत प्रसिद्ध झालो.

"क्या बात है, साहेब! पकडलं तुम्ही," फोरमन म्हणाले.

"पकडणारच. तपासणीतला माणूस आहे मी," मी म्हणालो. "एक नग खोटा निघाला. अजून दोन काढतो. निघाले तर अख्खा लॉट रिजेक्ट."

दोन काय, दहा निघाले. कुठल्याशा व्हिडिओ गेममधली विमानं, जुन्या भूकंपातली पडकी घरं, दिवाळीतल्या फटाक्यांच्या गोदामाची आग. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज संध्याकाळी निकाल टाकू लागलो: 'आजचा लॉट रिजेक्ट.' खाली अंगठ्यांची रांग. स्टोअरकीपरनं लिहिलं, 'हमारा अपना चॅनेल.' मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. आता घरातला टीव्ही विका."

आमच्या शेजारी चार्जमन राहतात. तेही मराठी, तेही त्याच कारखान्यातले, भिंतीला भिंत लागून तीस वर्षं. त्यांची एकुलती एक मुलगी त्या वेळी सरहद्दीजवळच्या एका गावात होती. जावई बँकेत, वर्षापूर्वी तिकडं बदली झालेली. मुलगी माझ्यासमोर वाढली. दहावीच्या परीक्षेला तिला स्कूटरवर मीच सोडलं होतं, आणि चुकीच्या शाळेत सोडलं होतं. ती मला त्यासाठी वर्षानुवर्षं चिडवायची. मराठी ती समजते पूर्ण, बोलते अर्धी.

लढाईच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चार्जमननी भिंतीवर ठोकलं. आमची ही जुनी पद्धत, फोनपेक्षा लवकर ऐकू येतं. मी गेलो. ते सोफ्यावर बसून फोनवर बोलत होते. मला पाहिल्यावर फोन तसाच टेबलावर ठेवला. त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारात उभ्या. टीव्ही चालू.

"साहेब, पोरगी विचारून राहिली, निघू का म्हणून," चार्जमन म्हणाले. "शेजाऱ्यांची जीप उद्या सकाळी जम्मूला निघते. एक सीट आहे. जावयाला सुट्टी नाही, बँक चालू आहे. तिला एकटीला यावं लागेल. त्यांना आत्ताच सांगायचं आहे, नाहीतर दुसरं कोणी बसेल."

"तिकडं काय आहे?"

"म्हणते आवाज येऊन राहिले. आणि हे बघा."

टीव्हीवर खाली लाल पट्टीत तिच्याच गावाचं नाव फिरत होतं. 'भारी गोलाबारी, कई मकान ढहे.' वर एका पडलेल्या घराचा फोटो.

मी चष्मा पुसला. सावकाश पुसला. दोन माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला ते फार बरं वाटत होतं. मी पडद्याजवळ गेलो. त्या फोटोत घराच्या मागे नारळाचं झाड होतं.

"नारळ!" मी म्हणालो. "जम्मूकडं नारळ? हा फोटो समुद्रकाठचा आहे. एखाद्या वादळातला. आणि चॅनेल कोणतं? तेच, आमची रेंज दाखवणारं. लॉट रिजेक्ट."

चार्जमनचा चेहरा हलका झाला. त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि मला हेच बोलायचं होतं.

"म्हणजे राहू दे म्हणता?"

"अहो, लढाईच्या दिवसांत रस्ता जास्त धोक्याचा. घर ते घर. जीपमध्ये कोण, कुठला ड्रायव्हर, कुठं अडकेल. बसू दे घरात."

वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, टीव्ही खोटा असेल हो. पण पोरगी काहून खोटं बोलेल? ती म्हणते आवाज येतात."

आता या वाक्याला उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो गप्प बसतो. मी एक्झामिनर होतो.

"वहिनी, तिनंही टीव्हीच पाहिला असेल," मी म्हणालो, आणि हसलो. चार्जमनही हसले. वहिनींनी चहा आणला, सोबत खोव्याची जिलेबी होती. मी दोन खाल्ल्या.

निघताना चार्जमन फोन उचलून म्हणाले, "बेटा, राहू दे. काका म्हणतात सगळं झूठ आहे."

सकाळी जीप गेली. तिच्या सीटवर कोणी एक म्हातारी बसून गेली, हे आम्हाला नंतर कळलं. म्हातारी सुखरूप पोहोचली.

त्याच दिवशी दुपारी गोळा त्यांच्या अंगणात पडला.

हे मी आज एका ओळीत लिहितो. त्या दिवशी आम्हाला ही ओळ माहीतच नव्हती. आम्हाला एवढंच माहीत होतं की मुलीचा फोन लागत नाही, जावयाचा लागत नाही, बँकेचा लागत नाही. चार्जमन आकडे दाबत होते, फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. चार वाजता त्याच चॅनेलवर मुलीचा फोटो आला.

लग्नातला. हिरवा शालू, मुंडावळ्या, शेजारी जावई. कुठून उचलला असेल, तिनं स्वतःच कधी टाकला असेल. आता त्याच्याभोवती काळी चौकट होती आणि मागे मोठ्यानं वाद्यं वाजत होती. 'सरहद पर दम्पति की दर्दनाक मौत.' दोघंही. चॅनेलनं तिचं नाव बरोबर लिहिलं होतं, जावयाचं चुकीचं.

वहिनी खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या, भिंतीला धरून, सावकाश.

तोपर्यंत घर भरलं होतं. पुलिया उठून तिथं आली होती. चार्जमननी त्या सगळ्यांच्या मधून माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हते. अगदी कारखान्यातल्या आवाजात विचारलं,

"एक्झामिनर साहेब, हा लॉट?"

मी काय सांगणार होतो? पास म्हटलं तर मुलगी मेली. रिजेक्ट म्हटलं तर मी तोच माणूस, ज्यानं काल तिला घरात बसवलं. मी पडद्याकडं पाहिलं. चॅनेल खोटारडं होतं, फोटो खरा होता, नाव अर्धं बरोबर. माझ्याकडं गेज नव्हता.

"रिजेक्ट," मी म्हणालो. "पक्कं रिजेक्ट."

"शाब्बास," चार्जमन म्हणाले आणि तोंड फिरवलं.

तासाभरानं एक वार्ताहर आला. पोरगेला, घामेजलेला, हातात चॅनेलचा माइक. वहिनींसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "माताजी, आपको कैसा लग रहा है?" वहिनी रडल्या. तो कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "आवाज नहीं आई. माताजी, एक बार और."

इथं मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो, पण आधी घरी गेलो. सगळ्यांना वाटलं मी पाणी आणायला गेलो. मी शर्ट बदलायला गेलो होतो. आकाशी, इस्त्रीचा. केस ओले करून विंचरले. आरशात पाहिलं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. तिनं दोरीवर टाकलेला जुना शर्ट पाहिला होता आणि काही विचारलं नव्हतं. ते जास्त वाईट होतं.

परत येऊन मी वार्ताहराला म्हणालो, "भैया, मैं बोलता हूँ." माइक तोंडासमोर आला आणि मी छान बोललो. बिना खात्री बातमी देणं पाप आहे म्हणालो. सरकारनं जोपर्यंत सांगितलं नाही तोपर्यंत मुलगी जिवंत आहे म्हणालो. चुकीच्या बातम्यांचा बदला लोक एक दिवस घेतील, असंही म्हणालो. त्यानं मान हलवली, "बहुत बढ़िया, अंकल जी."

सात वाजता मी टीव्हीवर दिसलो. आकाशी शर्टात. खाली लिहिलं होतं: 'मृतका के चाचा.' माझं भाषण कापून तीन शब्द ठेवले होते. "बदला... लोग लेंगे." मागे पुन्हा वाद्यं.

ते चार्जमनच्याच घरी, त्यांच्याच टीव्हीवर लागलं. कोणी बंद केला नाही. स्टोअरकीपर हळूच म्हणाला, "साहेब, शर्ट मस्त दिसून राहिला." तो टोमणा होता की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अनोळखी नंबरावरून फोन आला. एक नर्स बोलत होती. मुलगी दवाखान्यात आहे. जिवंत आहे. हाताला आणि मानेला छर्रे लागलेत, डावा कान गेलाय. मग तिनं फोन मुलीला दिला. चार्जमन नुसतं "हो बेटा, हो बेटा" म्हणत होते. मग म्हणाले, "कधी?" त्यावरून आम्हाला जावई गेल्याचं कळलं.

म्हणजे लॉट अर्धा खरा निघाला. मला खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी थोडं बरं वाटलं: मी अर्धा तरी बरोबर होतो. माणूस किती हलका असतो हे मोजायला गेज अजून निघालेला नाही.

त्याच चॅनेलनं त्याच दिवशी 'मौत को मात' नावाचा कार्यक्रम केला. तोच लग्नाचा फोटो, या वेळी जावयाचा भाग कापलेला. काल मेलेली मुलगी आज चमत्कार झाली होती. चूक झाली असं कोणी म्हणालं नाही.

चारआठ दिवसांनी मी हिंमत करून चार्जमनकडं गेलो. भिंतीवर ठोकलं नाही, दारातून गेलो. ते अंगणात बसून जावयाच्या कागदांच्या झेरॉक्स लावत होते. मी म्हणालो, "माझं चुकलं. पण चॅनेल खोटंच होतं हो. फोटो खोटा होता."

त्यांनी कागद खाली ठेवले.

"साहेब, तुम्ही लॉट रिजेक्ट केला की पुढं काय व्हायचं, माहीत आहे तुम्हाला?"

"परत जायचा तुमच्या सेक्शनला."

"मग?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

"मग आम्ही एकेक नग हातात घेऊन पाहायचो. एकेक. त्यातले दहात आठ चांगले निघायचे, ते वापरात जायचे. रिजेक्ट लॉट म्हणजे सगळे नग खराब, असं कारखान्यात कोणी समजत नव्हतं. तुम्ही शिक्का मारून चहाला जायचे. पाहायचं काम आमचं होतं." मग कागद पुन्हा उचलत म्हणाले, "आणि त्या दिवशी मीही पाहिलं नाही. तुमच्याकडून शिक्का मारून घेतला. जिलेबी खाऊ घालून."

मी निघालो तेव्हा त्यांनी "चलो, या" म्हटलं, नेहमीसारखं. तेवढंच.

पुलियेवर मी आठवडाभर गेलो नाही. नंतर गेलो, कारण घरात बायको होती. फोरमननी कठड्यावर जागा करून दिली. थोड्या वेळानं कुठल्याशा बातमीची चर्चा निघाली आणि स्टोअरकीपर सवयीनं म्हणाला, "साहेब, आजचा लॉट?" मग त्यानं जीभ चावली. बाकीचे नाल्याकडं बघू लागले, नाल्यात काहीही नसताना. तेव्हापासून तिथं माझ्यासमोर कोणी बातम्या बोलत नाही. मी आलो की फोरमन गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात.

महिन्यानं मुलगी घरी आली. जावयाच्या अस्थी नर्मदेत सोडायला सगळे तिलवारा घाटावर गेले तेव्हा मला बोलावलं नव्हतं. चार दिवसांनी वहिनींनी दारातून सांगितलं, "भाऊजी, ती विचारून राहिली, काका काहून आले नाहीत."

मी काय काय ठरवून गेलो. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसली होती, हाताला पट्टी, केस कापलेले. तिचा डावा कान गेला होता म्हणून मी मुद्दाम उजवीकडं खुर्ची ओढली. या वेळी तरी सगळं बरोबर करायचं होतं.

"कशी आहेस, बेटा?"

"ठीक हूँ, काका." मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी मी लाइनवर होते. बाबांनी फोन कापला नव्हता."

मला आधी समजलं नाही. मग समजलं.

"हे जेवायला घरी आले होते, यांना पण ऐकवलं मी, स्पीकरवर. तुम्ही बोललात ना, तिनंही टीव्हीच पाहिला असेल. हे इतके हसले. बोले, काका एकदम सही बोल रहे हैं, तू टीव्ही कम देख." तिनं हातावरची पट्टी सरळ केली. "काका, तिकडं तीन दिवस लाइटच नव्हती. फोन यांच्या बँकेत जनरेटरवर चार्ज व्हायचा. टीव्ही मी कशावर पाहणार होते? एक बार पूछ तो लेते."

एकदा विचारलं असतं तर. टेबलावर फोन होता, फोनमध्ये ती होती, हातभर अंतरावर. मी टीव्हीजवळ जाऊन नारळाचं झाड मोजत होतो.

मी खाली बघून म्हणालो, "चुकलं माझं."

"काय?"

"माझं चुकलं, बेटा," जरा मोठ्यानं.

"काय म्हणालात?"

मला वाटलं, उजवा कानही गेला की काय. मी तिच्याकडं वाकलो. "माझं चुकलं!" खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली.

"ऐकू नाही आलं, काका."

मी ओरडलोच. घसा फाटला, मध्येच चिरकलाही. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, ती थांबली. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"पुरे ग," त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना पहिल्यांदाच."

"हो," ती म्हणाली. माझ्यावरून नजर न काढता. "पण सांगू दे ना त्यांना, आई. काका, एक बार और."

मी पुन्हा सांगितलं.